दत्ताजीची फितूर गावं

मद्रासच्या नंगनल्लूर भागातल्या राजगोपालरावांना पाठचा एकच भाऊ, दत्ताजी. आणि त्या एकुलत्या एका भावाशी त्यांनी बारा वर्षं अबोला धरला होता. बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तेवढ्या काळात त्यांची मुलगी नंदिता शिकली, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कचेरीत लागली, लग्न करून सिंगापूरला गेली. मेट्रो आली. गल्लीतली दोन चिंचेची झाडं जाऊन तिथं चार मजले चढले. हे दोघे मात्र होते तिथेच. मोठा नंगनल्लूरला, धाकटा पार उत्तरेला गुम्मिडिपूंडीला, कारखान्याच्या मागे बांधलेल्या घरात. ना फोन, ना चिठ्ठी, ना लग्नाकार्यात समोरासमोर आल्यावर मान हलवणं.

आणि तरी बघा, पाच वर्षांपासून ह्याच दोघांचं रोज युद्ध चालू होतं! सकाळी सव्वादहाला, कॉम्प्युटरवर, एकेक चाल.

राजगोपालराव एका विमा कंपनीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. वय एकाहत्तर. तीनशे वर्षांमागे कोणी पूर्वज तंजावरला आला आणि तिथलाच झाला. आजोबा तंजावर सोडून मद्रासला आले. घरात बोलायचे ते मराठी, पण सूर सगळा तमिळ, 'कशाला'ला 'कसाला' म्हणायचे, 'सगळं'ला 'अस्कं', आणि वाण्याची यादी लिहायची तर मराठी शब्द तमिळ अक्षरांत. माणूस वाईट नव्हता हो. पेन्शनीच्या रांगेत म्हाताऱ्या बायकांचे फॉर्म भरून द्यायचा, शेजारच्यांची वीज गेली तर स्वतः जाऊन तक्रार नोंदवायचा. पण शब्द मागे घेणं म्हणून जे असतं ना, ते त्यांना देवानं दिलंच नव्हतं. एकदा सांबारात मीठ जास्त झालंय म्हणाले, की बायकोनं, वसंताबाईंनी, दहादा चाखून दाखवलं तरी ते जास्तच.

भांडण कशावरून झालं, तेही ऐका. वडलांची तिथी कार्तिक वद्य षष्ठी. आई होती तोवर श्राद्धाचा स्वैपाक तीच करायची, सोवळ्यात, कुणाला जवळ फिरकू न देता. आई गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नेमका वसंताबाईंचा हात मोडला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. तेव्हा दत्ताजीची बायको कामाक्षी आदल्या संध्याकाळीच मदतीला येऊन राहिली.

ही कामाक्षी तमिळ. आपल्यातली नव्हे, आणि तमिळ ब्राह्मणांतलीही नव्हे. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. दत्ताजीचं बोट यंत्रात सापडलं, तिनं ते बांधलं, आणि हा गडी चार महिन्यांत तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. सासूनं तोंड वाकडं केलं, पण दोन-तीन वर्षांनी का होईना, सोवळं कसं नेसायचं ते तिला शिकवलं. तर त्या पहाटे कामाक्षी न्हाली, ओलं लुगडं नेसली, आणि सासूच्या विळीवर पडवळ चिरायला बसली.

राजगोपालराव आत आले, पाठीमागे शास्त्री. शास्त्र्यांनी एकदा नुसतं विळीकडे बघितलं. आणि राजगोपालरावांची जीभ सुटली. म्हणाले, "कामाक्षी, तू बाहेर बस. तुझ्या हातचं पितरांना चालायचं नाही."

ती उठली. हात धुतले आणि बाहेर जाऊन चपलांच्या शेजारी बसली. दत्ताजीनं ते बघितलं. बोटातलं दर्भाचं पवित्रक काढून त्यानं पाटावर ठेवलं आणि म्हणाला, "अण्णा, तू हिला तुझ्या तोंडानं आत बोलावशील त्या दिवशी मी येईन. तोवर नाही." दोघं तशीच निघून गेली. तिचं लुगडंसुद्धा ओलंच होतं. त्या दिवशीचा स्वैपाक शेवटी पुढच्या गल्लीतल्या, पैसे घेऊन स्वैपाक करणाऱ्या बाईनं केला. भाड्याची बाई चालली, घरची सून चालली नाही. आता बोला!

तेव्हापासून दोन भावांची दोन श्राद्धं. वेगळे झालेले भाऊ वेगळं करतात, शास्त्राला ते चालतं. राजगोपालरावांना चालत नव्हतं. दर षष्ठीला पिंडापुढे बसलं की त्यांना वाटायचं, बापाला एकाच दुपारी दोन घरी जेवायला धावावं लागतंय, आणि तेही नंगनल्लूरपासून गुम्मिडिपूंडीपर्यंत. आपण चुकलो हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. वसंताबाईंना ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण फोन करायचा म्हटलं की माणूस ताठ व्हायचा.

"मोठा मी आहे," ते म्हणायचे.

"त्या मोठेपणाचं काय लोणचं घालायचंय?" वसंताबाई विचारायच्या. "एक शब्द बोलायला तुम्हाला काय होतं? तो ये म्हटल्यावर येईल."

"ये म्हणायला कसाला पाहिजे? त्याचं घर आहे, त्यानं यावं."

एवढीच काय ती त्यांची आयुष्यातली इच्छा उरली होती, की मरायच्या आधी एकदा तरी षष्ठीला दत्तू शेजारच्या पाटावर बसावा. न बोलावता बसावा, ही त्यातली मेख.

लॉकडाऊनमध्ये नंदितानं शक्कल काढली. तिनं बापाच्या कॉम्प्युटरवर एक इतिहासातला राज्याराज्यांचा खेळ घातला, आणि फोनवरून समजावत काकाच्याही कॉम्प्युटरवर तोच घातला. दक्षिणेचा नकाशा, जुनी राज्यं, जुनी गावं. आपली चाल खेळायची, बटण दाबायचं, की ती दुसऱ्याकडे जाते आणि त्याच्याकडे घंटा वाजते. बोलायची काही गरजच नाही. खाली निरोप लिहायला एक चौकट होती; पाच वर्षांत तिच्यात दोघांपैकी कुणी एक अक्षर टाकलं नाही. राजगोपालरावांनी अर्थातच तंजावर घेतलं. दत्ताजीनं मदुराई घेतली. "बायकोकडचं राज्य घेतलंन," राजगोपालराव म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी हसले.

ह्या खेळात लढाईपेक्षा गावं सांभाळणं अवघड. प्रत्येक गावाच्या नावाखाली एक आकडा असतो, त्या गावाची राजावरची निष्ठा. धान्य पोचलं, तळी-देवळं बांधली, कर बेताचा ठेवला, की आकडा वर. दुर्लक्ष झालं की रोज थोडा थोडा खाली. शून्यावर आला की गाव उठतं, अंमलदाराला हाकलतं, आणि शेजारच्या राजाकडे फितूर होतं. मग त्या राजाच्या पडद्यावर नगारा वाजतो आणि पाटी येते: अमुक गाव तुमच्याकडे आलं आहे, ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं?

पहिली तीन वर्षं राजगोपालरावांनी सपाटून मार खाल्ला. त्यांची पद्धत एकच, गाव कुरकुरलं की शिबंदी वाढवायची. तटावर शिपाई उभे केले की आकडा दोन दिवस थांबायचा, मग आणखी जोरात घसरायचा. दत्ताजी एकही शिपाई न ठेवता बैलांचे तांडे पाठवायचा, कालवे खणायचा, आणि अण्णाची गावं आपसूक त्याच्याकडे जायची. कुंभकोणम गेलं, मन्नारगुडी गेलं, नागपट्टिणम गेलं. कुंभकोणम गेलं त्या दिवशी राजगोपालराव जेवले नाहीत.

"अय्यो, खेळातलं गाव ते!" वसंताबाई म्हणाल्या.

"खेळातलं असलं म्हणून काय झालं? आजोळ आहे माझं."

रागवायचे, पण सव्वादहाची घंटा चुकवायचे नाहीत. आंघोळ, संध्या, दुसरी कॉफी, की खुर्चीत. दत्तूनं आज काय केलं असेल, हे बघायला जीव टांगणीला लागायचा. त्याच्या चालीवरून त्यांना त्याचा दिवस कळायचा. घाईची चाल असली की म्हणायचे, आज बँकेत जायचं असेल. एखाद दिवशी चाल संध्याकाळी आली की कासावीस व्हायचे. अबोल्यातला भाऊ असा रोज भेटत होता, आणि तेवढ्यावर माणूस जगत होता.

मग चौथ्या वर्षी वारं फिरलं. एका सकाळी नगारा वाजला: नागपट्टिणम तुमच्याकडे आलं आहे. राजगोपालरावांचा विश्वास बसेना. महिन्याभरात मन्नारगुडी. मग कुंभकोणम. मग दत्ताजीची स्वतःची गावंही, पुदुक्कोट्टई, दिंडुक्कल, तिरुचिरापल्ली. काही न करता, एक बाण न सोडता, गावं चालत येत होती. राजगोपालरावांनी दत्ताजीच्या मुलखात हेर पाठवून बघितलं. कालवे गाळानं भरलेले, कोठारं रिकामी, कुठं म्हणून कुणाचं लक्ष नाही. चाल मात्र रोज येत होती, सव्वादहाच्या ठोक्याला, पूर्वीपेक्षा नेमानं.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कंटाळला असेल, किंवा बरं नसेल. पण राजगोपालरावांना दत्तू ठाऊक होता ना, पाळण्यातला! लहानपणी दत्तूनं कधी तोंडानं माफी मागितली नाही. भांडण झालं की दोन दिवस फुरंगटून बसायचा, आणि तिसऱ्या दिवशी पल्लांगुळीचा पट काढायचा. खळग्यांत चिंचोके टाकायचा तो खेळ त्याच्याइतका घरात कुणाला येत नव्हता. पण त्या दिवशी तो मुद्दाम हरायचा. सगळे चिंचोके अण्णाच्या बाजूला जाऊ द्यायचा आणि मान खाली घालून बसायचा. ती त्याची शरणागती. मग अण्णानं त्याच्या डोक्यात टपली मारायची, की झालं, संपलं भांडण.

"बघितलंस?" राजगोपालराव बायकोला म्हणाले. "तोच डाव आहे. एकेक गाव पाठवतोय. त्याच्यासारख्या खेळाडूची गावं अशी कसाला जातील? देतोय तो मला."

"मग परत पाठवा की एखादं. आणि फोन करा. टपली तुम्ही मारायची होती ना?"

"दिलेलं परत करू नये, त्याचा अपमान होतो. आणि घाई कसाला? अस्कं येऊ दे. मदुराई आली की तोही येईल."

वसंताबाईंना राहवलं नाही. त्यांनी नंदिताला सांगून कामाक्षीला फोन करवला. कामाक्षी म्हणाली, आहेत, बरे आहेत, कानानं थोडं कमी येतं म्हणून फोनवर येत नाहीत. हे ऐकून राजगोपालरावांना बरंच वाटलं. कान तर त्यांचेही गेलेच होते.

कार्तिक आला. नकाशावर दत्ताजीचं एकच गाव उरलं, मदुराई. निष्ठा अकरा. मग नऊ. मग सहा. राजगोपालराव रोज आकडा वाचून दाखवायचे, जसा पाव्हणा कुठल्या स्टेशनापर्यंत आला ते सांगावं. षष्ठीच्या तीन दिवस आधी नगारा वाजला आणि पाटी आली. मदुराई तुमच्याकडे आली आहे. ठेवून घ्या, असं दाबलं, आणि सगळा पडदा सोनेरी झाला: विजय. राजगोपालरावांनी चष्मा काढला आणि रडले. लहान पोरासारखे रडले. "आला गं," म्हणाले, "दत्तू आला."

त्या तीन दिवसांत त्या घरात जी धांदल उडाली ती काही विचारू नका. शास्त्र्यांना निरोप गेला, यंदा दोघे भाऊ मिळून करणार. दत्ताजीच्या मापाचं धोतर धुऊन वाळत पडलं. मधल्या खोलीत दोन पाट शेजारी मांडले गेले. राजगोपालरावांनी वसंताबाईंना बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघत, सांगितलंसुद्धा, "कामाक्षी आली तर तिला आत घे. विळी तिला दे." बारा वर्षांनी ते वाक्य तोंडातून निघालं, पण निघालं ते बायकोपाशी, स्वैपाकघराच्या दारात, हळू आवाजात. वसंताबाई म्हणाल्या, "अहो, हेच तिला फोनवर सांगा. आत्ता सांगा." तर म्हणे, "येतोय ना तो. आल्यावर सांगतो."

षष्ठी उजाडली. नऊ वाजले, दहा वाजले. जिन्यात पाऊल वाजलं की राजगोपालराव दारात. दूधवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरची सरोजामामी. बारा वाजले. शास्त्री दोनदा घड्याळाकडे बघून खाकरले. एक वाजता ते म्हणाले, "राव, वेळ टळेल." राजगोपालराव एका पाटावर बसले. दुसरा पाट तसाच. मंत्र म्हणताना दोनदा चुकले. ज्याला ते नुसते पाठ नव्हते, अंगात भिनलेले होते, तो माणूस चुकला. ब्राह्मण जेवून गेले. राजगोपालरावांनी पानावरचा भात कालवला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी दुःखाचा राग झाला. "खेळात हरायला येतं, घरी यायला येत नाही!" ते ओरडले. "बायको सोडत नसेल." वसंताबाई एरवी गप्प बसल्या असत्या, पण त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत कधी?" आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वसंताबाईंचा फोन वाजला. कामाक्षी होती. "अण्णांना द्या," एवढंच म्हणाली. राजगोपालरावांनी फोन घेतला. ती तमिळमध्ये, नर्स जशी नातेवाइकांशी बोलते तशी, शांतपणे बोलत राहिली. "अण्णा, तो तुमचा खेळ बंद पडलाय. रोज सकाळी मी ते बटण दाखवते, हे दाबतात. चार दिवस झाले, बटणच दिसत नाही. हे त्याच्यासमोरून उठत नाहीत. काल काही खाल्लं नाही. आज रडतायत. तो खेळ पुन्हा सुरू करता येतो का?"

राजगोपालरावांना नीट काही कळलं नाही. तरी "मी येतो," म्हणाले. बारा वर्षं जो शब्द निघत नव्हता, तो असा निघाला.

वसंताबाईंचे गुडघे जिने चढण्यातले नव्हते. ते एकटेच निघाले. पळवंतांगल स्टेशनावरून लोकलनं पार्क स्टेशन, रस्ता ओलांडून सेंट्रलच्या शेजारून सुटणारी गुम्मिडिपूंडीची गाडी. दीड तासाची वाट. बाहेर एन्नोरची धुराडी गेली, मिठाची पाणथळ जमीन गेली, त्यांना काही दिसलं नाही. 'दाखवते आणि दाबतात' ह्या दोन शब्दांवरच त्यांचं मन अडून बसलं होतं. दत्तूला बटण दाखवावं का लागावं?

दार कामाक्षीनं उघडलं. केस पार पांढरे झालेले. "या," म्हणाली, आणि आत न नेता आधी ओसरीतच खुर्ची दिली. मग सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी दत्ताजीचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं. एकदा दूध आणायला गेले ते संध्याकाळी स्टेशनावर सापडले. मोठ्या इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, औषधं दिली, आणि हे वाढतच जाणार असं सांगितलं. "मग तमिळ जायला लागलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं कारखान्यात बोललेलं तमिळ, माझ्याशी बोललेलं तमिळ, सगळं गेलं. आता नुसती तुमची भाषा उरलीय. मला ती कुठून यायची? तुमच्या घरात मी असले की तुम्ही सगळे माझ्या डोक्यावरून बोलायचात. मी आता शिकलेय. पाणी, भूक, दुखतं, झोप. एवढी येते. बाकी दिवसभर काय काय सांगतात, मी नुसती हो म्हणते."

"आणि... खेळ?"

"खेळ कसला, अण्णा? त्यांना खेळता येईनासं होऊन दोन वर्षं झाली. घंटा वाजली की चेहरा उजळतो, म्हणून बसवते. मी बोट धरते, ते बटण दाबतात. तेवढंच."

राजगोपालराव खुर्चीत खचले. त्यांची ती सगळी कमाई, नागपट्टिणम, कुंभकोणम, तिरुचिरापल्ली, तो सोनेरी पडदा, डोळ्यांसमोर येऊन गेलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. भाऊ एकेक गाव विसरत होता, आणि आपण इकडे बायकोला आकडे वाचून दाखवत होतो.

"मला का नाही कळवलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात दम नव्हता.

तेव्हा कामाक्षीचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी कळवायचं? तुम्ही मला चपलांशेजारी बसवलंत, अण्णा. मी तुमच्या दारात मदत मागायला येणार नव्हते. पण वाटलं होतं, तुम्हाला कळेल. सगळी गावं सोडून देतोय तो, कुठं लक्ष नाही त्याचं, हे तुम्हाला रोज दिसत होतं ना? भाऊ तुमचा! माझी भाबडी समजूत, की एक गाव गेलं, दोन गेली, आता तुमचा स्वतःचा फोन येईल, दत्तूला काय झालं म्हणून विचाराल. तुम्ही ठेवून घेत गेलात."

राजगोपालराव उठले. दोन्ही हात जोडून तिच्यापुढे वाकले. ती मागे सरकली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "आत या. जागे आहेत."

दत्ताजी कॉम्प्युटरसमोर बसला होता. न्हाऊन, धोतर नेसून, कपाळाला गंध लावून. रोज सकाळी असाच तयार होऊन बसतो, कामाक्षी म्हणाली, कुठे जायचंय ते तिला कळत नाही. त्यानं वळून बघितलं. तेच डोळे, तोच हनुवटीवरचा व्रण, झोक्यावरून पडल्याचा.

"या, बसा," दत्ताजी म्हणाला. मराठीत, स्वच्छ, आईच्या बोलण्यासारखं मराठी. "कोण आपण? अण्णानं पाठवलं का?"

"दत्तू, मीच अण्णा रे."

दत्ताजी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, काठीकडे बघून हसला, घरी आलेल्या म्हाताऱ्याची थट्टा सांभाळून घ्यावी तसा. "नाही हो. अण्णा असा म्हातारा कुठे आहे? तुम्ही त्याच्या कचेरीतले का?"

राजगोपालरावांनी त्याचा हात हातात घेतला. लहानपणीचं सगळं सांगितलं, झोका, चिंचोके, आजोळची विहीर. दत्ताजी कौतुकानं ऐकत होता. "तुम्हाला बरंच सांगितलंय त्यानं," म्हणाला. दोन-अडीच वर्षांत त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोललं नव्हतं; त्याचा चेहरा कसा फुलून आला होता. कामाक्षी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "इतकं सलग बोलताना मी खूप दिवसांनी ऐकतेय. काय म्हणतायत?" राजगोपालरावांना तिला सांगवेना.

शेवटी त्यांनी विचारलं, "दत्तू, असा धोतर नेसून कुठे निघालास?"

"षष्ठी आहे ना," तो म्हणाला. "वडलांचं श्राद्ध. अण्णाचं बोलावणं आलं की निघायचं. रोज वाट बघतो. घंटा वाजते, पण बोलावणं नसतं."

राजगोपालराव त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. "आलंय," म्हणाले. "बोलावणं आलंय, दत्तू. तेच घेऊन आलोय मी. अण्णा म्हणाला, दत्तूला घेऊन ये, आणि कामाक्षीला घेऊन ये. म्हणाला, ती आत येईल, स्वैपाक तीच करेल, तिच्या हातचं पितरांना चालेल. म्हणाला, माझं चुकलं. ऐकतोयस ना? त्याच्या तोंडानं म्हणाला."

दत्ताजीनं मान हलवली आणि त्यांच्या हातावर थोपटलं.

"तुम्ही भले गृहस्थ आहात," तो म्हणाला. "माझं मन राखायला एवढ्या लांब आलात. पण तो नाही हो असं म्हणायचा. मी ओळखतो ना त्याला."

आणि तो पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसला.